केसाळ शेवाळ गेलं, डायनो आले: मुलुंडमधल्या एका प्रवाळ टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे कुटुंब मुलुंड पूर्वेचं. चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट आणि हॉलमध्ये भिंतीला लागून ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी. खालच्या कपाटात संप (पाणी गाळणारी जोडटाकी), स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप, चिलर बाल्कनीत. दगड आणि वाळू वजा केली तर संपसकट प्रत्यक्ष पाणी साधारण ४०० लिटर. टाकी सांभाळणारे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले आहेत. नाव द्यायचं नाही, म्हणून इथे त्यांना काका म्हणतो. माशांना खायला घालणं काकूंकडे. आठवड्यातून एकदा दुकानातला एक मुलगा देखभालीला येतो. मला त्यांनी ऑगस्टमध्ये बोलावलं, ते शीर्षकातल्या डायनोंमुळे, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट या पोहणाऱ्या एकपेशीय जीवांमुळे. त्याआधीची हकीकत काकांच्या वहीवरून आणि तिघांशी बोलून लिहिली आहे. काका प्रत्येक टेस्टचा आकडा तारखेसह लिहून ठेवतात, त्यामुळेच हे प्रकरण इतक्या तपशिलात मांडता येतंय.

टाकी तेव्हा सव्वा वर्षाची होती. क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रामा, दोन क्लीनर कोळंबी आणि दहा-बारा टर्बो गोगलगाई. प्रवाळ सगळे मऊ: झोअँथिड, मश्रूम, मधोमध एक मोठा लेदर आणि मागच्या काचेवर पसरलेलं ग्रीन स्टार. कडक सांगाड्याचे, खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या अनुसूची १ मध्ये येतात. काकांना हे ठाऊक होतं, म्हणून ते त्या वाटेला गेलेच नाहीत. दगडही समुद्रातून काढलेला नव्हता, तयार केलेला कोरडा दगड होता. हा निर्णय शंभर टक्के बरोबर. फक्त त्याची दुसरी बाजू लक्षात ठेवायला हवी. कोरड्या दगडावर सुरुवातीला काहीच जिवंत नसतं. समुद्रातल्या दगडावर बॅक्टेरिया, बारीक किडे आणि गुलाबी कोरलाइन शेवाळ आधीच जागा अडवून बसलेलं असतं. कोरड्या दगडावर ती जागा मोकळी असते आणि जो पहिला पोहोचेल तो ती बळकावतो. शिवाय असा दगड फॉस्फेट शोषून घेतो आणि पाण्यातलं कमी झालं की हळूहळू परत सोडतो.

मीठ विकतचं, चांगल्या कंपनीचं. समुद्र इतका जवळ असताना मीठ विकत कशाला, असं शेजारी विचारायचे. पण मुंबईच्या किनाऱ्याचं पाणी गढूळ, त्यात सांडपाणी मिसळलेलं आणि पावसाळ्यात त्याचा खारटपणा घसरलेला. टाकीला जे नको असतं नेमकं तेच त्यात भरपूर. घनता १.०२५, तापमान २६ अंश, अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवण्याची पाण्याची ताकद) ८च्या आसपास. या तिन्ही गोष्टी वहीत महिनोन्‌महिने जागच्या जागी आहेत. म्हणजे टाकी नीट चालली होती.

मे महिन्यात काय झालं

मेच्या मध्यावर ओव्हरफ्लोच्या, म्हणजे पाणी संपमध्ये सांडतं त्या जाळीच्या, दातांवर हिरवे धागे दिसायला लागले. आठवडाभरात ते दगडाच्या वरच्या कडांवर आले आणि महिना संपेपर्यंत झोअँथिडच्या वसाहतीत शिरले. दोन-तीन इंच लांब, मऊ, प्रवाहाबरोबर डोलणारे. चिमटीत धरून ओढले की पुंजका सहज हातात यायचा. मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना पिसासारख्या शाखा असं काही नव्हतं. हे महत्त्वाचं, कारण तशी रचना असती तर ते ब्रायोप्सिस निघालं असतं आणि त्याचा इलाज अगदीच वेगळा आहे. हे साधं केसाळ शेवाळ होतं, आपण सगळे ज्याला हेअर अल्गी म्हणतो ते.

वहीत त्या आठवड्याचा नायट्रेट लिटरमागे २५ मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.२५ आहे. मार्चमध्ये हेच आकडे ८ आणि ०.०६ होते. मासे वाढलेले नाहीत, काकूंच्या हातचं खाणं वाढलेलं नाही. काकू ते वाटीने मोजून घालतात आणि फ्रोझन कोळंबी गाळणीत धुऊनच टाकीत जाते. मग हे आलं कुठून, हा प्रश्न त्या वेळी कोणी विचारला नाही. सगळ्यांचं लक्ष हिरव्या केसांवर खिळलं होतं.

पहिले पर्याय

घरात चार गोष्टींची चर्चा झाली.

एक म्हणजे शेवाळनाशक औषध. दुकानात बाटली मिळत होती. काकांनी नाही म्हटलं ते कोळंबीच्या काळजीने. मला हा नकार पटतो. शेवाळ एकदम मेलं की ते टाकीतच कुजतं आणि त्यातलं सगळं नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा पाण्यात येतं.

दुसरं, दगड बाहेर काढून बाथरूममध्ये उकळत्या पाण्याने धुणं. हे इमारतीतल्या एका हितचिंतकाने सुचवलं होतं आणि काका जवळजवळ तयारही झाले होते. देखभालीच्या मुलाने त्यांना थांबवलं. "काका, दगडावर झोआ आहेत, गरम पाणी अजिबात नको," असं तो म्हणाला. तो शब्दशः खरं बोलत होता. झोअँथिड आणि त्यांच्या जवळच्या जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. असे दगड उकळल्यावर वाफेतून विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात गेल्याच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. बंद बाथरूममध्ये हा प्रयोग झाला असता तर हे प्रकरण टाकीचं राहिलं नसतं.

तिसरा पर्याय हळू चालणारा: हाताने उपटणं, दिवे कमी करणं, गोगलगाई वाढवणं, दर आठवड्याला थोडं पाणी बदलणं.

चौथा पर्याय जोरदार होता. फॉस्फेट शोषणारं लोहाचं दाणेदार माध्यम, म्हणजे जीएफओ, रिॲक्टरमध्ये पूर्ण मात्रेत भरायचं, नायट्रेट उतरवण्यासाठी रोज व्हिनेगर द्यायचं, आणि सोबत बॅक्टेरियाची बाटली. दुकानाचा सल्ला हा होता आणि तो निवडला गेला. तिसऱ्या पर्यायातलं उपटणं काकांनी मनापासून केलं. जुना टूथब्रश सायफनच्या नळीच्या तोंडाशी रबरबँडने बांधायचा, घासायचं आणि सुटलेले धागे त्याच क्षणी नळीतून बादलीत. कुणालाही सांगावं असं हे तंत्र आहे. टाकीत नुसतं घासलं तर तुटलेला प्रत्येक तुकडा दुसऱ्या दगडावर जाऊन रुजतो.

पहिल्या उपायाचा परिणाम

जूनअखेर केसाळ शेवाळ पांढुरकं पडून गळायला लागलं. जुलैच्या मध्याला दगड जवळपास स्वच्छ होते. त्या दिवशी वहीत नायट्रेट ० आणि फॉस्फेट ०.०० असे आकडे आहेत आणि दोन्हींभोवती काकांनी हिरव्या पेनने गोल केला आहे. घरातल्या सगळ्यांना काम फत्ते झाल्यासारखं वाटलं. जीएफओ तसंच चालू राहिलं, व्हिनेगरही चालू राहिलं.

माझ्या मते प्रकरण खरं इथे फिरलं. त्या आकड्यांत आनंद मानण्यासारखं काही नव्हतं. नैसर्गिक प्रवाळभित्तीवर नायट्रेट-फॉस्फेट नगण्य असतात, हा युक्तिवाद मी नेहमी ऐकतो. पण तिथे चोवीस तास प्लवकांचा प्रवाह वाहत असतो, प्रवाळाला खायला सतत काहीतरी मिळतं. बंद टाकीत शून्य म्हणजे उपासमार. मऊ प्रवाळ उपाशी, दगडावरचे बॅक्टेरिया उपाशी, उपयोगी शेवाळही उपाशी. आणि मोकळी पडलेली जागा अशा कोणाला तरी मिळते ज्याला इतक्या कमी अन्नावर तगता येतं.

जुलैच्या शेवटी वाळूवर तपकिरी थर दिसला. मग दगडावर. दुपारी तीन-चारच्या सुमाराला तो बुळबुळीत व्हायचा, त्यातून तारा सुटायच्या आणि प्रत्येक तारेच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकलेला असायचा. रात्री दिवे गेले की सकाळपर्यंत निम्मा थर गायब. दुपारी पुन्हा तेच. लेदर आखडला आणि उघडेना. गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडायला लागल्या.

सगळ्यांनी याला आधी डायटम (सिलिकेटवर वाढणारं सूक्ष्म तपकिरी शेवाळ) म्हटलं, मग सायनो. पाणी बदललं की दोन दिवस बरं दिसायचं, तिसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त यायचं. देखभालीच्या मुलाने सायनोवर चालणारी अँटिबायोटिकची पुडी आणली. ती टाकण्याआधी काकांनी मला फोन केला.

ओळख पटवणं

पुडी टाकू नका एवढंच मी फोनवर सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी गेलो. सायनो हे बॅक्टेरिया आहेत, अँटिबायोटिकने मरतात. पण ते नसतील तर टाकीतले चांगले बॅक्टेरिया तेवढे मरणार आणि जागा आणखी मोकळी होणार.

ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे, तिला काही विकत आणावं लागत नाही. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेतली, स्वच्छ धुतलेली. ड्रॉपरने टाकीतला तो चिकट थर थोडा ओढला, टाकीचंच पाणी घातलं, झाकण लावून जोरजोरात हलवलं. सगळं विस्कटून पाणी तपकिरी झालं. ते कॉफीच्या फिल्टर पेपरमधून दुसऱ्या ग्लासात गाळलं. गाळलेलं पाणी दिसायला जवळपास स्वच्छ. तो ग्लास स्वयंपाकघराच्या ओट्यावर ट्यूबलाइटखाली ठेवला आणि आम्ही चहा घेतला. तासाभराने काकूंनीच हाक मारली. ग्लासात पुन्हा तपकिरी धागे जमले होते, एकमेकांना चिकटून वर चढत होते. डायटम किंवा सायनो असे परत जुळत नाहीत. डायनोफ्लॅजेलेट जुळतात, कारण प्रत्येक पेशी कागदाच्या छिद्रातून निसटते, पोहते आणि चिकट स्राव सोडून पुन्हा गोळा होते.

म्हणजे डायनो हे नक्की झालं. पण कोणते, हे कळल्याशिवाय इलाज ठरत नाही. काकांची पुतणी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्याकडे स्वतःचा मायक्रोस्कोप होता. संध्याकाळी तिने स्लाइड लावली. पेशी तिळासारख्या, एका टोकाला निमुळत्या, आणि त्या निमुळत्या टोकाशी बांधून ठेवल्यासारख्या एकाच जागी गरगर फिरणाऱ्या. "काका, डायटम नुसते सरकतात. हे बघा, हे गोल फिरतायत," ती म्हणाली. ही ऑस्ट्रिओप्सिसची खूण.

हा फरक इतका महत्त्वाचा का ते सांगतो. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू-दगड सोडून पाण्यात तरंगायला जातात, म्हणून सकाळी थर निम्मा दिसायचा. पाण्यात आले म्हणजे यूव्हीच्या, म्हणजे पेशी मारणाऱ्या अतिनील दिव्याच्या, नळीतून जाऊ शकतात. दुसरी एक सर्रास आढळणारी जात, अँफिडिनियम, वाळूतच राहते. तिच्यावर यूव्हीचा खर्च वाया जातो. तिथे उलट सिलिकेट देऊन डायटम वाढवतात, म्हणजे ते डायनोंची जागा घेतात. दिसायला दोन्ही तपकिरीच.

आणखी एक गोष्ट त्या संध्याकाळी ठरली. ऑस्ट्रिओप्सिस पॅलिटॉक्सिनच्या जातीचं विष बनवतात, गोगलगाई मरत होत्या त्या बहुधा त्यानेच. २००५च्या उन्हाळ्यात इटलीत जिनोआच्या किनाऱ्यावर यांचा उद्रेक झाला होता आणि समुद्रावरून येणाऱ्या हवेतल्या तुषारांमुळे सुमारे २०० लोकांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास झाला. घरातल्या टाकीत तेवढं प्रमाण नसतं, पण काका सायफन तोंडाने ओढून सुरू करायचे. ते त्या दिवसापासून बंद. हातमोजे, चष्मा आणि थर ओढताना मास्क. मेलेली गोगलगाय दिसताक्षणी बाहेर.

मूळ कुठे होतं

डायनोंचा इलाज ठरवण्याआधी मे महिन्याचा हिशोब लागायला हवा होता, नाहीतर पुढच्या उन्हाळ्यात सगळं पहिल्यापासून.

मुंबईचं पाणी सात तलावांतून येतं: भातसा, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, मोडक सागर, तानसा, विहार आणि तुळशी. पावसाचं साठवलेलं पाणी, त्यामुळे टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कमी. काकांकडे नळाचं पाणी साधारण ७० दाखवायचं आणि आरओमधून २ किंवा ३ यायचं. म्हणूनच आरओच्या पुढचं डीआय रेझिन (उरलेले क्षार पकडणारे दाणे) त्यांनी टाकी लावल्यापासून बदललं नव्हतं. इतकं चांगलं पाणी असताना कशाला, हा विचार मुंबईतल्या बहुतेक टाक्यांमागे असतो आणि वर्षातले नऊ-दहा महिने तो चालूनही जातो.

मेमध्ये तलाव तळाला जातात, पाणीकपात लागते आणि सोसायट्या टँकर मागवतात. टँकरचं पाणी बहुतेकदा विहिरीचं किंवा बोअरवेलचं. या सोसायटीच्या कार्यालयात टँकरच्या पावत्या होत्या. पहिली मेच्या पहिल्या आठवड्यातली. गच्चीवरच्या टाकीत दोन्ही पाणी एकत्र होतं आणि नळाला येतं ते दिसायला तसंच. रेझिनचं डबडं मी उघडून पाहिलं तर रंग बदलणारे दाणे वरपासून खालपर्यंत तपकिरी, एकही शिल्लक नाही. मेमध्ये आरओच्या पाण्याचा टीडीएस कोणी मोजला नव्हता, मीटर ड्रॉवरमध्ये होता.

आता यातला कळीचा भाग. एवढ्या टाकीतून मुंबईच्या उन्हाळ्यात रोज सहज ५ लिटर पाणी उडतं आणि तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागतं. उडतं ते फक्त पाणी. त्यातलं बाकी सगळं टाकीतच राहतं. धरा, वरून घातलेल्या पाण्यात लिटरमागे नायट्रेट १० मिलिग्रॅम आणि फॉस्फेट ०.३ मिलिग्रॅम आहे. महिन्याला १५० लिटर म्हणजे १,५०० मिलिग्रॅम नायट्रेट आणि ४५ मिलिग्रॅम फॉस्फेट. ४०० लिटरमध्ये ते अनुक्रमे पावणेचार आणि ०.११ने वाढतं. मीठ कालवायलाही तेच पाणी, म्हणजे त्यात आणखी भर. मासे एक घास जास्त न खाता टाकीचा फॉस्फेट दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. शिवाय संपलेलं रेझिन सिलिकेट सगळ्यात आधी सोडायला लागतं आणि टीडीएस मीटरला सिलिकेट जवळपास दिसतच नाही.

म्हणजे मेमध्ये फक्त रेझिन बदलायचं होतं.

दुसरे पर्याय आणि गणपती

ऑगस्टमध्ये आमच्यासमोर असलेले पर्याय: टाकी मोडून नव्याने लावणं; हायड्रोजन पेरॉक्साइड; तीन दिवस पूर्ण अंधार; यूव्ही; आणि नायट्रेट-फॉस्फेट मुद्दाम वाढवणं.

मोडायला काकांचं मन होईना. माझंही मत तेच होतं, कारण तोच दगड पुन्हा वापरला तर डायनो परत येतात आणि नवा कोरडा दगड म्हणजे पुन्हा मोकळी जागा. पेरॉक्साइड कोळंबीमुळे बाजूला ठेवलं. उरलेले तिन्ही एकत्र करायचे ठरलं.

नायट्रेट-फॉस्फेट वाढवायचं म्हटल्यावर काका गप्प झाले. तीन महिने जे खाली आणायला धडपडले तेच आता हाताने टाकायचं. "अहो, ते केसाळ परत येईल ना?" त्यांचा प्रश्न रास्त होता. येईल, असंच मी सांगितलं. केसाळ शेवाळ गोगलगाय खाते. डायनो खाऊन गोगलगाय मरते. या दोघांतून निवडायचं असेल तर मी केसाळच निवडेन.

जीएफओ आणि व्हिनेगर त्याच दिवशी बंद केलं. पाणी बदलणंही बंद, कारण नवं खारं पाणी शून्य नायट्रेटचं असतं आणि सोबत सूक्ष्म द्रव्यं घेऊन येतं, जी डायनोंना हवीच असतात. सोडियम नायट्रेट प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानातून आणलं. ४०० लिटरमध्ये नायट्रेट ५ने वाढवायला साधारण २.७ ग्रॅम लागतं. ते आरओच्या पाण्यात विरघळवून तीन दिवसांत विभागून दिलं. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेटचं पातळ द्रावण. फॉस्फेटने मात्र दमवलं. सकाळी ०.०५ केलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा ०.०१. दगड शोषून घेत होता. दोन आठवडे रोज द्यावं लागलं तेव्हा कुठे आकडा टिकायला लागला.

यूव्ही ३६ वॅटचा घेतला, तळ्यांसाठी मिळतो तो. १० ते १२ लिटरला १ वॅट हे छंदातलं ठोकताळ्याचं प्रमाण आहे. तो संपमध्ये न बसवता थेट मुख्य टाकीतून पाणी ओढून मुख्य टाकीतच सोडेल असा जोडला, पंप मुद्दाम छोटा. संपमध्ये बसवला तर रात्री पाण्यात उठलेल्या पेशींपैकी थोड्याच तिथवर पोहोचतात. सोबत ॲक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी, विष शोषायला.

अंधाराचे तीन दिवस केव्हा, यावर घरात खरा पेच पडला. दीड दिवसाचा गणपती आठवड्यावर आलेला. मखर टाकीच्या शेजारीच बसतं, घरात पाहुण्यांची ये-जा. काकूंनी स्पष्ट सांगितलं, "गणपतीत हॉलमध्ये काळं गुंडाळून ठेवलेलं मला चालायचं नाही." मी आधी करू म्हणत होतो, पण यूव्हीच हाती यायला चार दिवस लागले. यूव्हीशिवाय नुसता अंधार केला असता तर पेशी पाण्यात उठल्या असत्या आणि दिवे लागल्यावर पुन्हा खाली बसल्या असत्या. म्हणून विसर्जनानंतरचा दिवस धरला. तोवर दिवे रोज फक्त चार तास, निळे जास्त, पांढरे बंद.

झाकायला काकांनी गोधडी काढली होती. तिने उष्णता कोंडली असती. त्याऐवजी चारही बाजूंना काळा कार्डपेपर चिकटवला आणि वरचा भाग जुन्या गडद चादरीने सैल झाकला, हवा खेळती राहील असा. रात्रंदिवस अंधार म्हणजे ऑक्सिजन आणि पीएच दोन्ही घसरतात, म्हणून पृष्ठभागाकडे वळवलेला वेव्हमेकर (प्रवाह करणारा पंप) आणि स्किमर पूर्ण वेळ चालू. माशांना दिवसाआड चिमूटभर.

काय निष्पन्न झालं

चौथ्या दिवशी कागद काढला तेव्हा वाळू पांढरी होती. त्याने कोणी हुरळून गेलं नाही, कारण अंधारानंतर असं दिसतंच. खरी परीक्षा दिवे लागल्यानंतरचा आठवडा. पाचव्या दिवशी दुपारी एका कोपऱ्यात, जिथे प्रवाह कमी पडतो तिथे, तपकिरी ठिपका आला. पुतणीने स्लाइड पाहिली. दहा-बारा पेशी, तिथे आधी शेकड्यांनी असायच्या. वेव्हमेकरचं तोंड फिरवलं, यूव्ही तसाच चालू. सप्टेंबर संपता संपता स्लाइडवर काहीच सापडेना.

ऑक्टोबरात नायट्रेट ८ आणि फॉस्फेट ०.०८वर स्थिरावले आणि ओव्हरफ्लोवर हिरवे केस परत आले. काकांनी फोटो पाठवला आणि खाली विचारलं, आता? काही नाही, असं उत्तर दिलं. सहा नव्या टर्बो गोगलगाई आणि एक लॉनमोवर ब्लेनी (शेवाळ खाणारा मासा) आणली, संपमध्ये कीटोमॉर्फाचा गोळा टाकून त्यावर रात्री जळणारा दिवा लावला. हे शेवाळ दोऱ्याच्या गुंत्यासारखं वाढतं, संपमध्येच राहतं आणि नायट्रेट-फॉस्फेट खातं. महिन्यातून एकदा मूठभर काढून टाकलं की तेवढं अन्न टाकीबाहेर गेलं. डिसेंबरपर्यंत दगडावर गुलाबी कोरलाइनचे डाग दिसू लागले. मोकळी जागा भरत चालल्याची ही सगळ्यात भरवशाची खूण.

नुकसानही झालं. बहुतेक सगळ्या जुन्या गोगलगाई गेल्या. मश्रूमची एक वसाहत विरघळली. लेदर वाचला, पण पुन्हा पूर्ण उघडायला त्याने नोव्हेंबर उजाडवला. मासे आणि कोळंबी सुखरूप. यूव्हीचा खर्च वर्षभराच्या रेझिनपेक्षा कितीतरी जास्त झाला.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, मेमध्ये केसांकडे पाहण्याऐवजी टाकीत येणाऱ्या पाण्याकडे पाहायला हवं होतं. मासे तेच, खाणं तेच आणि आकडे तिप्पट-चौपट, तर बाहेरून काहीतरी आत येतंय. मीटर आरओच्या नळाला लावायला मिनिटभर लागतं.

जीएफओला माझा विरोध नाही. पूर्ण मात्रेऐवजी पाव मात्रेने सुरू केलं असतं, दर तीन-चार दिवसांनी फॉस्फेट मोजला असता आणि ०.०५ला पोहोचल्यावर काढून घेतलं असतं तर केस थोडे उशिरा गेले असते, एवढंच. आणि जीएफओ, व्हिनेगर, बॅक्टेरिया ही तिन्ही एकाच आठवड्यात सुरू केल्यामुळे कशाने किती उतरलं हे वहीवरूनही सांगता येत नाही. दुकानातल्या मुलाला मी दोष देत नाही. गिऱ्हाईकाला पंधरा दिवसांत स्वच्छ दगड हवा असतो आणि त्याच्यावर दबाव तोच असतो.

बरणीची परीक्षा जुलैअखेर, पहिला तपकिरी थर दिसला त्याच दिवशी करता आली असती. मधले दोन-तीन आठवडे पाणी बदलत राहिल्यामुळे डायनोंना पोसलं गेलं. गोगलगाई वाचल्या असत्या त्या इथे.

गणपतीमुळे अंधार पुढे ढकलला, त्याबद्दल नंतर एका मित्राने नापसंती दाखवली. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. टाकी घरात आहे, घर टाकीसाठी नाही, आणि काकूंचं मन नसताना केलेला तीन दिवसांचा अंधार दुसऱ्या दिवशीच कोणीतरी चादर उचलून मोडला असता.

यूव्हीबद्दल मात्र आमच्यात अजून एकमत नाही. काकांना तो कायम चालू हवा आहे. माझं म्हणणं, डायनो गेल्यावर बंद ठेवावा, कारण पाण्यात तरंगणारे बारीक उपयोगी जीवही त्यात मरतात आणि दिव्याची उष्णता मेमध्ये चिलरवर पडते. सध्या तो रात्री दहा ते सकाळी सहा चालतो.

पुढच्या उन्हाळ्यात टँकर पुन्हा आले. या वेळी काकांनी पहिल्याच दिवशी मीटर लावला: नळाला ४८०, आरओनंतर २२, नव्या डीआयनंतर ०. मुंबईच्या एरवीच्या पाण्यावर वर्षाहून जास्त टिकणारं रेझिन त्या उन्हाळ्यात पाच आठवड्यांत तपकिरी झालं. दुसरं डबडं आधीच आणून ठेवलं होतं, ते लावलं. मेअखेरच्या पानावर नायट्रेट ९ आणि फॉस्फेट ०.०७ आहे.